कोळंबी आणि तिचें शेष

गृहिणीच्या पाककौशल्याची परीक्षा पहिल्या पंगतीला होते, हें खरें. परंतु तिच्या गृहव्यवस्थेची परीक्षा पंगत उठल्यानंतर होते. पानांत काय वाढलें हें सर्वांना दिसतें. पातेल्यांत काय राहिलें, मोरीवर काय गेलें आणि दुसऱ्या दिवशीं त्याचें काय झालें, याकडे मात्र फारसें कोणी पाहत नाहीं. प्रस्तुत लेखांत या दुसऱ्या परीक्षेविषयीं लिहावयाचें आहे, आणि उदाहरणासाठीं कोळंबी हा पदार्थ घेतला आहे. कारण असें कीं, कोळंबीइतकी महाग, तिच्याइतकी नाशवंत आणि टाकाऊ म्हणून जिचा इतका मोठा भाग फेंकला जातो अशी वस्तु स्वयंपाकघरांत क्वचितच दुसरी येते. तिचा ज्यांना नीट उपयोग करतां आला त्यांना इतर अन्नाची व्यवस्था लावणें जड जाणार नाहीं.

ज्या घरांत मत्स्याहार निषिद्ध आहे अशीं पुष्कळ घरें या मासिकाच्या वाचकवर्गांत आहेत. त्यांनीं हीं पानें उलटून पुढें जावें असें नाहीं. कोंकण, गोमांतक आणि कारवार या किनाऱ्यावरील सारस्वत ब्राह्मणांच्या घरीं मासळी हा पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहार आहे. आणि त्याच घरांतून सोमवारीं, एकादशीस व सणावारीं चुलीवर मासळी चढत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. मत्स्याहार योग्य कीं अयोग्य हा वाद जुना आहे, आणि तो येथें उकरून काढण्याचें प्रयोजन नाहीं. येथें विचार आहे तो उरलेल्या अन्नाचा. आणि तो वरणभाताच्या घरालाहि तंतोतंत लागू पडतो.

उरलेल्या अन्नासाठीं संस्कृतांत तीन निरनिराळे शब्द आहेत, आणि मराठींत बोलतांना आपण त्यांची सरमिसळ करतों. ‘शेष’ म्हणजे वाढून झाल्यावर भांड्यांत राहिलेलें, कोणाच्या पानांत न गेलेलें अन्न. ‘पर्युषित’ म्हणजे ज्याच्यावरून एक रात्र गेली आहे असें, अर्थात् शिळें. ‘उच्छिष्ट’ म्हणजे पानांत जेवून उरलेलें, उष्टें. यांपैकीं शेष हें निर्दोष अन्न आहे. पर्युषित हें विचार करून घ्यावयाचें अन्न आहे. आणि उच्छिष्ट हें टाकावयाचें आहे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायांत पर्युषित व उच्छिष्ट या दोहोंची गणना तामस आहारांत केली आहे. परंतु मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत पर्युषिताला अपवाद सांगितले आहेत: तूप-तेलासारख्या स्निग्ध द्रव्यानें युक्त असें अन्न, जव-गव्हाचे पदार्थ आणि दुधाचे प्रकार हे शिळे झाले तरी घेण्यास हरकत नाहीं. म्हणजे जें जें शिळें तें तें वाईट असा सरसकट निकाल स्मृतिकारांनींहि दिलेला नाहीं. कोणतें अन्न टिकतें आणि कोणतें टिकत नाहीं, हा भेद त्यांनीं मानला. हाच विवेक आपणांस कोळंबीच्या बाबतींत करावयाचा आहे. मात्र त्याला आजच्या रसायनशास्त्राचा आणि जंतुशास्त्राचा आधार घ्यावयाचा आहे.

प्रथम कोळंबीचीच थोडी ओळख करून घेऊं. तिला गोमांतकांत व मालवणाकडे ‘सुंगटां’ म्हणतात. लहान जातीला कोठें चिंगूळ तर कोठें करंदी म्हणतात, आणि अगदीं बारीक, जवळजवळ पारदर्शक अशा जातीला जवळा म्हणतात. संस्कृत कोशांत ‘चिंगट’ असा शब्द सांपडतो. बंगालींतील ‘चिंगडी’ त्याच्या शेजारीं ठेवून पाहिली म्हणजे साम्य सहज लक्षांत येतें. व्यवहारांत आपण हिला मासळींत गणतों, पण शास्त्रीय दृष्टीनें कोळंबी हा मासा नव्हे. ती खेंकड्याच्या गोत्रांतील कवचधारी प्राणी आहे. माशाचा सांगाडा आंत असतो, हिचा बाहेर असतो. त्यामुळें डोक्यासकट घेतलेल्या कोळंबीचें डोकें आणि साल काढून टाकलीं म्हणजे सुमारें निम्में वजन गेलेंच असें समजावें. बाजारांत एक किलोचे पैसे मोजून घरीं अर्धा किलोच खाल्ली जाते. उरलेल्या अर्ध्या किलोचें काय करावें, हा या लेखाचा निम्मा विषय. शिजवून उरलेल्या पदार्थाचें काय करावें, हा दुसरा निम्मा.

खरेदीच्या वेळींच शेषाचा विचार सुरू होतो. ज्या कोळंबीचीं डोकीं व सालें उपयोगांत आणावयाचीं आहेत ती ताजीच असली पाहिजे. ताज्या कोळंबीचें डोकें धडाला घट्ट चिकटलेलें असतें, साल चकचकीत असतें आणि वास समुद्राच्या पाण्यासारखा असतो. कोळंबी मेल्यावर डोक्यांतले पाचक रस तिच्याच मांसाला पचवूं लागतात; म्हणून डोकें सैल होऊन लोंबूं लागणें ही वेळ गेल्याची पहिली खूण होय. डोक्यावर व सांध्यांवर काळे डाग पडूं लागणें ही दुसरी. हे डाग सडल्याचे नसतात. चिरलेलें वांगें हवेनें काळें पडतें त्याच प्रकारची ती क्रिया आहे. तरी पण ते उशीर झाल्याची साक्ष देतात. नाकाला झोंबणारा नवसागरासारखा वास आला तर मात्र भाव करीत बसूं नये. ती टोपली सोडून पुढें जावें. घेतलेली कोळंबी बर्फावर घालून घरीं आणावी. कच्ची कोळंबी फ्रीजमध्यें, म्हणजे ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी उष्णतामानांत, एक दिवस, फार तर दोन दिवस ठेवावी. त्याहून अधिक ठेवावयाची असल्यास ती गोठवली पाहिजे.

साफ करतांना शेजारीं तीन भांडीं घेऊन बसावें. पहिल्यांत सोललेलें मांस, दुसऱ्यांत डोकीं व सालें, आणि तिसऱ्यांत खरोखर टाकावयाचा भाग. पाठीवर उभा छेद दिला म्हणजे जो काळसर दोरा दिसतो तें कोळंबीचें आंतडें. त्यांत वाळू व मळ असतो, म्हणून तें तिसऱ्या भांड्यांत जावें. डोकें ठेवावयाचें, पण त्याचें पुढचें अणकुचीदार टोंक, डोळे व लांब मिशा कात्रीनें डोळ्यांच्या किंचित् मागें कापून काढाव्या. वाळूची बारीक पिशवी राहिली असेल तर तीहि काढावी. मांस व सालें दोन्ही वाहत्या पाण्याखालीं झपाट्यानें धुवावीं. पाण्यांत बुडवून तासन् तास ठेवण्याची जी कित्येक घरांत चाल आहे ती सोडून द्यावी; तिनें स्वच्छता वाढत नाहीं, गोडी मात्र त्या पाण्याबरोबर जाते. मांसाला मीठ-हळद लावून दहा मिनिटें बाजूला ठेवलें कीं पुरे.

आतां दुसऱ्या भांड्याकडे वळूं. खेंकड्याचे बारीक पाय वाटून, त्यांचा रस गाळून कालवणांत घालण्याची रीत किनाऱ्यावरील प्रत्येक जुन्या गृहिणीला ठाऊक असते. तीच रीत कोळंबीच्या डोक्यांना लागू आहे, पण कोळंबी सोलूनच विकत आणण्याची संवय लागल्यापासून ती मागें पडत चालली आहे. कृति सोपी आहे. अर्ध्या किलो कोळंबीचीं डोकीं व सालें एक चमचा खोबरेल तेलावर मध्यम आंचेवर परतावीं. दोन-तीन मिनिटांत तीं लाल होतात आणि तेलालाहि नारिंगी रंग चढतो. मग डावेच्या पाठीनें डोकीं दाबून चेंचावीं, चार वाट्या पाणी घालावें, आणि मंद आंचेवर पंधरा ते वीस मिनिटें उकळावें. वर येणारा फेंस काढून टाकावा. नंतर बारीक चाळणींतून किंवा स्वच्छ फडक्यांतून गाळून घ्यावें. याहून अधिक वेळ उकळलें तर अर्क अधिक निघेल अशी समजूत करून घेऊं नये; फार उकळल्यानें त्याला उग्रपणा येतो.

हा रंग व ही चव कोठून येते हें समजून घेतलें तर कृति चुकत नाहीं. कोळंबीच्या सालांत अस्टाझँथिन नांवाचें तांबडें रंगद्रव्य असतें. जिवंतपणीं तें एका प्रथिनाला बांधलेलें असल्यामुळें करडें-निळसर दिसतें. उष्णतेनें प्रथिनाची घडी मोडते, रंगद्रव्य सुटें होतें आणि लाल रंग प्रकट होतो. हें द्रव्य पाण्यांत विरघळत नाहीं, तेलांत विरघळतें. म्हणून आधीं तेलांत परतावयाचें आणि नंतर पाणी घालावयाचें, असा क्रम आहे. चवीचें कारण निराळें. कोळंबीच्या अंगांत ग्लायसीन नांवाचें गोडसर अम्ल पुष्कळ असतें, आणि त्याच्या जोडीला ग्लुटामिक अम्ल असतें. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनीं १९०८ सालीं समुद्रवनस्पतींतून जी ‘उमामी’ नांवाची पांचवी रुचि शोधून काढली ती या दुसऱ्या अम्लाचीच होय. आपल्या षड्रसांत तिला स्वतंत्र नांव नाहीं, पण किनाऱ्यावरील गृहिणीच्या जिभेला ती फार पूर्वींपासून ओळखीची आहे. हीं द्रव्यें पाण्यांत उतरतात. म्हणून सालें फेंकणें म्हणजे चव फेंकणें होय.

गाळलेलें हें पाणी हुमणांत साध्या पाण्याऐवजीं घालावें; भात शिजवतांना घालावें, किंवा दुधी, अळूं, शेवग्याच्या शेंगा यांच्या कालवणांत घालावें. लगेच लागणार नसेल तर थंड करून फ्रीजमध्यें ठेवावें व दोन दिवसांत संपवावें, नाहीं तर लहान डब्यांत गोठवून ठेवावें. डोकीं जर पुरेशीं ताजीं वाटत नसतील तर हा खटाटोप करूंच नये. उकळल्यानें शिळें डोकें ताजें होत नाहीं.

हुमणाची कृति घराघरांत थोडी वेगळी असते. येथें एक साधी देतों. अर्ध्या नारळाचें खोबरें, सहा-सात सुक्या लाल मिरच्या, एक मोठा चमचा धणे, पांच-सहा मिरीं, पाव चमचा हळद आणि लहानशी चिंचेची गोळी हें सर्व गंधासारखें बारीक वाटावें. पातेल्यांत उभा चिरलेला एक कांदा डोक्यांच्या पाण्यांत शिजत ठेवावा. कांदा मऊ झाला कीं वाटण व मीठ घालून चांगली उकळी आणावी. कैरीच्या दिवसांत चिंच कमी करून कैरीच्या फोडी घालाव्या. बिंबलें मिळत असल्यास तीं घालावीं. भेंडी घालावयाची असल्यास ती तेलावर परतून मग घालावी. सोललेली कोळंबी सर्वांच्या शेवटीं सोडावी, आणि पुन्हा उकळी फुटल्यावर तीन-चार मिनिटांत पातेलें उतरावें. वरून चमचाभर कच्चें खोबरेल तेल घालून झांकण ठेवावें.

कोळंबी शेवटीं कां, तर तिचें मांस फार लवकर शिजतें. तें अपारदर्शक व पांढरें-गुलाबी होऊन अर्धचंद्रासारखें वळलें म्हणजे झालें. पुरतें वेटोळें झालें तर ती जास्त शिजली, आणि मग रबरासारखी चिवट लागते. आंतपर्यंत ६३ अंश सेल्सिअस उष्णता पोंचली म्हणजे ती खाण्यास सुरक्षित होते. उकळत्या रशांत तेवढ्या उष्णतेला वेळ लागत नाहीं. जी कोळंबी पहिल्या दिवशींच चिवट झाली ती दुसऱ्या दिवशीं सुधारण्याचा उपाय नाहीं.

येथपर्यंत शेषाचा एक प्रकार झाला. आतां शिजवून उरलेल्या हुमणाकडे, म्हणजे पर्युषिताकडे येऊं. गोमांतकांत ‘कालची कडी’, तेथील उच्चाराप्रमाणें ‘काल्ची कोडी’, हा उरलेल्या अन्नाचा नुसता निर्वाह नव्हे. तो एक स्वतंत्र आणि आवडता पदार्थ आहे. रात्रीं उरलेलें हुमण सकाळीं मंद विस्तवावर आटवतात. पाणी उडून जातें, खोबऱ्याचें तेल सुटूं लागतें, आंबट-तिखट दाटून येतें, आणि तो लगदा भाकरीबरोबर किंवा सकाळींच दारीं आलेल्या पावाबरोबर खातात. अनेकांना तो आदल्या दिवशींच्या हुमणापेक्षां अधिक रुचतो. मसाल्याला मुरण्यास रात्रभर वेळ मिळालेला असतो, हें त्याचें कारण. आमसूल किंवा चिंच यांची आंबटाई, मीठ, आटवून कमी झालेलें पाणी आणि सुटलेलें तेल या सर्वांनीं जंतूंच्या वाढीला थोडा आळा बसतो. स्मृतिकारांचा स्निग्ध अन्नाचा अपवाद येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

परंतु या थोड्या आळ्यावर फार भिस्त ठेवूं नये. याच ठिकाणीं घरोघरीं सासू-सुनांचा एक ठराविक संवाद ऐकूं येतो. “अगं, चांगलं कढवलं म्हणजे झालं. आमच्या वेळीं फ्रीज होता कुठं?” असें सासूबाई म्हणतात, आणि “पण आई, तें दुपारपासून ओट्यावरच होतं,” असें सूनबाई म्हणते. या वादांत दोघींचेंहि अर्धें अर्धें खरें आहे. पूर्वीं फ्रीज नव्हता तेव्हां हुमण दोन्ही वेळां कढवलें जाई, बेताचें केलें जाई, आणि सहसा दुसऱ्या सकाळच्या पुढें जात नसे. कढवल्यानें बहुतेक जंतु मरतात, ही सासूबाईंची बाजू बरोबर आहे. पण कांहीं जंतु, उदाहरणार्थ स्टॅफिलोकॉकस, अन्नांत वाढतांना त्यांत विष सोडून ठेवतात, आणि तें विष उकळल्यानेंहि नाहींसें होत नाहीं. म्हणजे अन्न किती वेळ कोमट राहिलें हा प्रश्न कढवण्यानें पुसला जात नाहीं. येथें सूनबाईची बाजू बरोबर आहे. म्हणून नियम असा ठेवावा. शिजलेली कोळंबी बाहेर दोन तासांपेक्षां जास्त ठेवूं नये. आणि किनाऱ्यावरील उन्हाळ्यांत, उष्णतामान ३२ अंशांच्या वर गेलें असतां, एक तासापेक्षां जास्त ठेवूं नये. उरेल असें दिसतांच तें पसरट, उथळ भांड्यांत काढावें, वाफ गेली कीं झांकून फ्रीजमध्यें ठेवावें. खोल पातेलें तसेंच ठेवल्यास मधला भाग बराच वेळ कोमट राहतो. तीन दिवसांच्या आंत तें संपवावें. जेवढें लागणार तेवढेंच काढून कढवावें. सगळें पातेलें पुनः पुन्हा गरम व पुनः पुन्हा थंड करूं नये.

कढवतांना एक युक्ति करावी. आधीं कोळंबी चमच्यानें काढून बाजूला ठेवावी, नुसता रस्सा खळखळ उकळून हवा तितका आटवावा, आणि शेवटीं कोळंबी परत घालून तीहि वाफाळेपर्यंत गरम करावी. यानें अन्न निर्धोकहि होतें आणि कोळंबी चिवटहि होत नाहीं.

तळलेली किंवा सुकी केलेली कोळंबी उरली तर तिचे प्रकार आणखी सोपे आहेत. तिचे बारीक तुकडे करून, एकदां चांगले गरम करून, त्यांत बारीक चिरलेला कांदा, ओलें खोबरें, हिरवी मिरची, कोथिंबीर व आमसुलाचें पाणी मिसळलें म्हणजे किसमुराच्या धर्तीची कोशिंबीर होते. खरें किसमूर सुक्या सुंगटांचें करतात, पण ही पद्धति ओल्यालाहि शोभते. उरलेला भात असेल तर कांदा-कढीपत्त्याच्या फोडणीवर तो परतून शेवटीं हे तुकडे घालावे; मात्र तो भातहि शिजल्यावर लवकर थंड करून ठेवलेला असला पाहिजे, कारण रात्रभर उघड्यावर राहिलेला भात कोळंबीइतकाच दगा देतो. उकडलेल्या बटाट्यांत हे तुकडे, आलें, मिरची व कोथिंबीर घालून, रव्यांत घोळवून तव्यावर भाजल्यास मुलांना डब्याऐवजीं घरींच दुपारच्या वेळीं देण्याजोगा खाऊ होतो. डब्यांत मात्र तो देऊं नये; शाळेची मधली सुटी होईपर्यंत तो कित्येक तास कोमट राहतो.

शेषाचा तिसरा प्रकार असा आहे कीं जो उरला म्हणून नव्हे, तर मुद्दाम उरवला म्हणून शेष झाला. जून-जुलै महिन्यांत महाराष्ट्राच्या व गोव्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. तो समुद्राच्या खवळण्याचा आणि पुष्कळशा मासळीच्या विणीचा काळ. नारळी पौर्णिमेला कोळी लोक समुद्राला नारळ वाहतात आणि नव्या हंगामाला आरंभ करतात. मधल्या काळासाठीं चैत्र-वैशाखाच्या उन्हांत वाळवणें घातलीं जातात. मोठी कोळंबी सोलून, दोरा काढून वाळवली म्हणजे तिला सोडे म्हणतात; जवळा सबंधच वाळवतात. गोव्यांत या पावसाळी बेगमीला ‘पुरुमेंत’ असें म्हणतात. पोर्तुगीज भाषेंतील ‘प्रोव्हिमेंतु’ या शब्दाचें तें रूप आहे, आणि मडगांवास पावसाळ्याच्या तोंडावर या बेगमीच्या खरेदीची जत्राच भरते. वाळवण्याचें तत्त्व एवढेंच कीं, पाणी नसेल तेथें जंतूंना वाढतां येत नाहीं. म्हणून सोडे खडखडीत वाळलेले, बोटानें दाबले असतां न दबणारे असले पाहिजेत, आणि कोरड्या, घट्ट झांकणाच्या बरणींत ठेवले पाहिजेत. दमट हवेंत त्यांना ओल लागली, बुरशीचा ठिपका दिसला, तर तेवढा भाग काढून बाकीचे वापरण्याचा लोभ धरूं नये.

सोडे वापरण्यापूर्वीं कोमट पाण्यांत पंधरा-वीस मिनिटें भिजवावे व वाळूसाठीं दोनदां धुवावे. धुतल्यानंतर भिजवलेलें स्वच्छ पाणी गाळून भाजींतच घालावें. त्यांतहि चव उतरलेली असते. वांगें, बटाटा किंवा शेवग्याच्या शेंगा यांत मूठभर सोडे घातले कीं चार माणसांची भाजी होते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंच्या घरची सोड्यांची खिचडी तर प्रसिद्धच आहे. जवळा कोरडाच भाजून, निवडून, कांद्यावर परतला कीं पावसाळी दिवशीं भाकरीबरोबर दुसरें कांहीं लागत नाहीं.

आतां खरोखर टाकावयाच्या वस्तूंचा विचार. अर्क काढून झालेलीं सालें अन्न म्हणून निरुपयोगी असतात, परंतु तींहि निव्वळ घाण नव्हेत. त्यांत चुना, प्रथिनें आणि कायटिन नांवाचें चिवट द्रव्य असतें. याच कायटिनाचा उद्योगधंद्यांत उपयोग होतो, आणि कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनें कोळंबीच्या टाकाऊ सालांपासून तें काढण्याच्या पद्धति विकसित केल्या आहेत. घरीं एवढेंच करावें कीं, सालें परसांत नारळाच्या किंवा कढीपत्त्याच्या मुळाशीं हातभर खोल पुरावीं. वरवर टाकल्यास मांजरें उकरतात आणि माशा जमतात. परसू नसलेल्या शहरवासी घरांनीं तीं कागदांत गुंडाळून त्याच दिवशीं ओल्या कचऱ्यांत द्यावीं. पानांतलें उच्छिष्ट मात्र शेषांत कधींहि मिसळूं नये. यांत सोंवळ्याचा प्रश्न नाहीं. तोंडाचा व हाताचा स्पर्श झालेल्या अन्नांत जंतु जातात आणि तें चांगल्या अन्नालाहि नासवतें, असा साधा हिशेब आहे.

एक इशारा देणें अवश्य आहे. कित्येक माणसांना कोळंबी मुळींच सोसत नाहीं. अंगावर गांधी उठतात, ओंठ सुजतात, प्रसंगीं श्वास कोंडतो. याला कारण ट्रोपोमायोसिन नांवाचें प्रथिन असून तें शिजवल्यानें निरुपद्रवी होत नाहीं. म्हणून अशा माणसाच्या ताटांत कोळंबीचा तुकडा नाहीं एवढ्यावर भागत नाहीं. डोक्यांच्या पाण्यांत शिजवलेला भात किंवा जवळा घातलेली भाजीहि त्याला चालणार नाहीं. पाहुण्यास वाढण्यापूर्वीं हें सांगितलेंच पाहिजे. चव लपलेली असली म्हणून दोष लपत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि ती पाककृतीपेक्षां अधिक महत्त्वाची आहे. शेष कोणी खावयाचें? आपल्या घरांतली जुनी चाल अशी कीं, पहिल्या पंगतीला पुरुष व मुलें बसत. कोळंबी महाग, म्हणून ती त्यांच्या पानांत जाई. मागून बसणाऱ्या बायकांच्या वांट्याला रस्सा येई. दुसऱ्या दिवशीं ताजें जेवण पुन्हा पहिल्या पंगतीला, आणि कालचें जें असेल तें घरच्या सुनेला. अन्न वायां जाऊं नये हें ब्रीद चांगलें. पण तें पाळण्याचा भार एकाच व्यक्तीच्या पोटावर टाकला गेला, आणि त्याला काटकसर असें नांव मिळालें. पुष्कळ घरांत पंगती एकत्र झाल्या तरी शिळ्याची वांटणी अजून बदललेली नाहीं.

या चालीला शास्त्राचा आधार असेल असें कोणाला वाटत असल्यास त्यानें मनुस्मृतीचा तिसरा अध्याय उघडून पाहावा. तेथें अतिथि आणि घरचे नोकरचाकर जेवल्यानंतर उरलेलें अन्न कोणी खावें हें स्पष्ट सांगितलें आहे: तें दंपतीनें, म्हणजे नवरा व बायको या दोघांनीं खावें. लगेच पुढच्या श्लोकांत गृहस्थाला ‘शेषभुक्’ असें विशेषण लावलें आहे. शेष खाणें हा गृहस्थाचा स्वतःचा धर्म आहे. तो त्यानें पत्नीच्या किंवा सुनेच्या पदरीं बांधून मोकळें व्हावें असें तेथें कोठेंहि नाहीं.

यावरून व्यवहारांत दोन नियम सहज निघतात. पहिला असा कीं, मागून जेवणारांसाठीं कोळंबीचा त्यांचा वांटा वाढणीपूर्वींच वेगळ्या झांकलेल्या भांड्यांत काढून ठेवावा. जें उरेल तें त्यांचें, असा हिशेब ठेवूं नये. दुसरा असा कीं, सकाळीं आटवलेलें कालचें हुमण सर्वांच्या पानांत थोडें थोडें वाढावें, आणि घरच्या कर्त्या पुरुषाच्या पानांत आधीं वाढावें. तें चांगलें असेल तर तो आनंदानें खाईल. तें त्याच्या पानांत वाढण्याजोगें नसेल, तर तें घरांतल्या कोणाच्याच पानांत वाढण्याजोगें नाहीं असें समजून टाकून द्यावें.